बाळंतिणीला सोबत हवी

श्रोतेहो, भिलाईचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे धगधगत्या भट्ट्या, लांबच लांब रूळ आणि ओळीने बांधलेली कामगारांची घरे उभी राहतात. मला आज त्या भट्ट्यांविषयी बोलावयाचे नाही. त्या घरांपैकी एखाद्या घरात, आतल्या खोलीत, चार दिवसांचे तान्हे मांडीवर घेऊन बसलेल्या बाळंतिणीविषयी मला बोलावयाचे आहे. पोलाद कसे तयार होते हे जाणणारी माणसे त्या गावात हजारोंनी आहेत. परंतु आईच्या अंगावर दूध कसे येते आणि ते कशाने टिकते, हे नीट सांगणारे माणूस तिच्या दाराशी वेळेवर येईलच असा भरवसा नाही.

या विषयासाठी भिलाईच का निवडले, तेही सांगतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील या माळावर कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता. २००० सालापासून तो छत्तीसगड राज्यात आहे. वर्धा-नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असा लोहमार्ग थेट तेथे जातो, आणि त्याच मार्गाने विदर्भातील कित्येक मराठी कुटुंबे भिलाईला जाऊन राहिली. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओडिशा अशा सर्व प्रांतांतून माणसे आली. त्यांना क्वार्टर मिळाले, नळाचे पाणी मिळाले, मुलांना शाळा मिळाल्या, सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय मिळाले. पण येणारी माणसे बहुधा तरुण होती. आजी, मावशी, आत्या गावीच राहिल्या. नव्या नगराच्या आराखड्यात सर्व गोष्टींना जागा होती. आजीबाईंसाठी चौकट कोणी आखली नव्हती.

जे भिलाईत एका पिढीपूर्वी घडले ते आज पुणे, नाशिक, सुरत, बंगळूर अशा प्रत्येक वाढत्या शहरात घडत आहे. म्हणूनच भिलाईतील त्या आतल्या खोलीचा प्रश्न आपणा सर्वांचा आहे.

अशा एखाद्या घराची कल्पना करा. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल. हे दुसरे, नाहीतर काही कारणाने पहिलेच, येथे झालेले आहे. पती पाळीवर गेला आहे. आई गावाहून यावयाची आहे, पण भाताची कापणी आटोपल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. आज तिसरा दिवस. बाळ दर तासा-दीड तासाने रडते. अंगावर घेतले की दोन मिनिटे ओढते आणि पुन्हा रडते. बाळंतिणीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत, छाती दाटून दगडासारखी झाली आहे, आणि दोन रात्री तिचा डोळा लागलेला नाही. अशा वेळी कोणीतरी भेटावयास येते आणि अगदी सद्भावनेने म्हणते, "हिला दूध पुरत नाही गं. वरचे सुरू करा."

एवढेसे ते वाक्य, परंतु माझ्या मते बाळंतिणीच्या खोलीत बोलले जाणारे ते सर्वांत महागाचे वाक्य आहे. ते का, हे समजण्यासाठी शरीराचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे.

प्रसूतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. तो दाट, पिवळसर आणि फार थोडा असतो. थोडा असतो म्हणूनच तो अपुरा वाटतो. परंतु पहिल्या दिवशी बाळाचे पोट मोठ्या गोटीएवढे असते. एका वेळी एक-दोन चहाचे चमचे त्याला पुष्कळ झाले. रोगांशी झगडणारी द्रव्ये या चिकात भरपूर असतात. आपल्याकडे गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, पण आईचा चीक 'जड' म्हणून पिळून टाकावयाची आणि त्याऐवजी मध, गुळाचे पाणी अथवा घुटी चाटवावयाची रीत कित्येक घरांत होती व काही घरांत अजूनही आहे. मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये, त्यातून घातक जंतुविष होण्याचा धोका असतो, हे आज निश्चित झाले आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरू लागते. बाळाचे वजन पहिल्या दिवसांत थोडे उतरते आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बहुधा भरून येते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पुढे दूध किती येणार हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : ते किती वेळा आणि किती पूर्णपणे बाहेर काढले जाते. बाळ चोखते तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव रक्तात येतो व दूध तयार होते. रात्री हा स्राव अधिक असतो, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. स्तन रिकामे होत राहिले तर दूध वाढते, भरलेले राहिले तर निर्मिती मंदावते. विहिरीचा उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आता त्या महागाच्या वाक्याकडे वळू. 'दूध पुरत नाही' म्हणून बाटलीने वरचे दूध दिले. बाळाचे पोट भरले, ते झोपले. घरात सर्वांना हायसे वाटले. पण तेवढ्या वेळचे चोखणे चुकले. उपसा घटला, म्हणून दूध घटले. दुसऱ्या दिवशी बाळ पुन्हा अपुरे म्हणून रडले आणि बाटली दोनदा द्यावी लागली. पंधरा दिवसांत दूध खरोखरीच आटले आणि भेटावयास आलेल्या बाईंचे म्हणणे खरे ठरले! आरंभी जे खरे नव्हते ते त्या सल्ल्याने खरे करून दाखविले.

मग दूध पुरते आहे हे ओळखावे कसे? रडण्यावरून नव्हे, तान्हे मूल पन्नास कारणांनी रडते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा अथवा अधिक वेळा स्वच्छ, फिकी लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पाजणे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा व्हावे. पाजताना वेदना होत असतील तर बहुतेक वेळा दोष दुधाचा नसतो, धरण्याचा असतो. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र न देता भोवतालचा काळसर भागही पुष्कळसा गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. बाळाची मान पिळवटलेली नसावी, पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. हे पुस्तकात वाचून साधत नाही. शेजारी बसून, हात धरून दाखविणारे कोणी असले तर पाच मिनिटांत साधते. वेदनेने रडकुंडीला आलेली बाळंतीण त्या पाच मिनिटांनी पुन्हा हसू लागते.

परंतु दूध तयार होणे ही अर्धीच गोष्ट झाली. ते खाली उतरलेही पाहिजे. या उतरण्याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : पान्हा. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या दुसऱ्या स्रावामुळे. बाळाच्या नुसत्या आवाजाने, स्पर्शाने, कधी आठवणीनेही तो सुटतो. आणि भीती, वेदना, अपमान, धसका यांमुळे तो काही काळ अडून राहतो. गोठ्यात वावरलेल्या माणसाला हे शास्त्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. गाय बुजली, अनोळखी माणूस जवळ आले, कोणी तिच्यावर ओरडले, की ती पान्हा चोरते. म्हणून जाणता गवळी आधी वासरू लावतो, गाईच्या पाठीवरून हात फिरवितो, हळू आवाजात बोलतो आणि मगच चरवी घेऊन बसतो. गाईला दिली जाते ती शांतता आपण घरच्या सुनेला देतो का? तिच्या उशाशी बसून 'मुलगीच झाली' म्हणून सुस्कारे टाकणारी, बाळ बारीक आहे म्हणून टोचून बोलणारी, दर वेळी 'झाले का पाजून?' असे विचारणारी माणसे त्या चांगल्या गवळ्याहून कमी शहाणी ठरतात.

म्हणून मला असे सांगावयाचे आहे की, बाळंतिणीला धीर देणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, तो तिच्या दुधाचाच एक भाग आहे. 'आईपण उपजतच येते, त्यात शिकवायचे काय?' असे म्हणून आपण तिला एकटी सोडतो. चोखण्याची ओढ बाळाला उपजत असते हे खरे. पाजण्याची रीत मात्र आईला पाहून व विचारून शिकावी लागते. जुन्या भरल्या घरात मुलगी काकूला, वहिनीला, मोठ्या बहिणीला पाजताना पाहतच वाढे. शिवाय बाळंतपणात अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, न्हाऊमाखू, आणि चाळीस दिवस पाण्यात हात न घालण्याची मुभा होती. त्यांपैकी कोणत्या पदार्थाने दूध किती वाढते याविषयी मतभेद होतील. परंतु तिला बसल्या जागी ऊन अन्न आणि झोप मिळत होती, याचा गुण निःसंशय होता. त्या व्यवस्थेत चूकही पुष्कळ होती. चीक टाकणे, घुटी, धुराने कोंडलेली खोली या गोष्टी परत आणाव्यात असे मी म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की, जुन्या घराची सोबत आणि नव्या शास्त्राचे ज्ञान ही दोन्ही एकत्र बाळंतिणीच्या दाराशी कशी पोहोचतील?

या प्रश्नाचे एक उत्तर भिलाईच्या भोवतालच्याच खेड्यांनी दिले आहे. छत्तीसगडात मैत्री जोडण्याची जुनी चाल आहे. दोन मुली देवासमोर, कधी भोजलीचे अंकुर एकमेकींच्या कानात खोवून, जन्माच्या मैत्रिणी होतात. नाते रक्ताचे नसले तरी ते सख्ख्या बहिणीसारखे पाळले जाते. अशा मैत्रिणीला तेथे मितानीन म्हणतात. राज्य स्थापन झाल्यावर २००२ साली आरोग्याचे काम करणाऱ्या गावातील स्त्रियांची जी योजना सुरू झाली, तिला हेच नाव दिले गेले. प्रत्येक पाड्यावरची एक स्त्री, पाड्यानेच निवडलेली. पुढे ही संख्या साठ हजारांच्या वर गेली, आणि शहरांतील गरीब वस्त्यांतही मितानिनी काम करू लागल्या. मूल जन्मले की मितानिनीने पहिल्याच दिवशी त्या घरी जावे, चीक टाकू देऊ नये, बाळाला तासाभरात अंगावर घ्यावयास लावावे, हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. २००५ नंतर देशभर ज्या आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्या कल्पनेमागे मितानिनींचा हा अनुभव होता.

याच प्रदेशाला लागून आपला गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ऊब, स्वच्छता, लवकर व पुरेसे स्तन्यपान, आणि आजाराची लक्षणे ओळखून वेळीच उपचार, असे ते काम होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली. २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरी जाण्याचे जे वेळापत्रक देशात चालू झाले, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, त्याचे मूळ या कामात आहे. श्रोतेहो, तिसरा दिवस ध्यानात ठेवा. आपण कल्पिलेली ती बाळंतीण तिसऱ्याच दिवशी रडत होती.

दवाखान्यात बाळंतपण झाले म्हणजे सर्व झाले, असे आपण समजतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती दवाखान्यांत झालेल्या आढळल्या. पण पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके सुमारे ४२ टक्केच होती. म्हणजे डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, खाट आहे, तरी त्या पहिल्या तासात बाळाला छातीशी लावून देणारा मोकळा हात निम्म्याहून अधिक मातांना मिळत नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असली तरी कमरेखालची भूल दिलेली आई शुद्धीवर असते. कोणी आधार दिला तर तीही लवकरच पाजू शकते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर मऊ अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत अथवा पुढेही स्तन्यपान, असे आज जगभरचे वैद्यक सांगते. हे सर्वत्र झाले तर जगात दर वर्षी आठ लाखांहून अधिक बालमृत्यू टळतील, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०१६ साली दिला. सहा महिन्यांखालील बालकांना केवळ आईचे दूध देण्याचे प्रमाण वर सांगितलेल्या पाहणीत देशात सुमारे ६४ टक्के होते. छत्तीसगडात ते सुमारे ८० टक्के होते. तेथील मितानिनींच्या घरोघरच्या फेऱ्यांना याचे काही श्रेय द्यावयास हरकत नसावी.

बाळंतिणीच्या दाराशी आणखी एक पाहुणा येत असे : भुकटीचा डबा. त्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र असे आणि दवाखान्यातच नमुना फुकट मिळे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने या विक्रीला आळा घालणारी संहिता स्वीकारली. आपल्याकडे डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्तन्यपानाच्या प्रसारासाठी झटणारी 'बी. पी. एन. आय.' ही देशव्यापी संस्था स्थापन झाली, आणि १९९२ साली संसदेने कायदा करून बालदुधाच्या व बाटल्यांच्या जाहिराती, फुकट नमुने आणि डब्यांवरील बाळांची चित्रे यांना बंदी केली. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. कायद्याने डब्याचे चित्र पुसले हे चांगले झाले. मात्र चित्र पुसून जी जागा रिकामी झाली, तेथे माणूस बसले पाहिजे. ते काम कायद्याच्या हातचे नाही.

भिलाईच्या कारखान्याला मोठे दरवाजे आहेत आणि पाळीच्या वेळेला माणसांचे लोट त्यांतून आत-बाहेर करतात. दरवाजे म्हटले की मला रायगड आठवतो. दूध विकावयास गडावर गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. सायंकाळी दरवाजे बंद झाले, पायथ्याला घरी तान्हे भुकेले होते, पहारेकरी दार उघडीना, तेव्हा ती माउली अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असे सांगतात. आपण तिच्या धैर्याच्या कथा मुलांना सांगतो, ते योग्यच आहे. परंतु त्या कथेत एक बंद दरवाजाही आहे, तो आपल्या ध्यानातून जातो. आज कामावर जाणाऱ्या किती मातांना आपण असा कडा उतरावयास लावतो! महाराष्ट्रात बसस्थानकांवर आणि कचेऱ्यांत पाजण्यासाठी ज्या खोल्या केल्या, त्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव दिले आहे. २०१७ साली मातृत्वाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि पन्नास अथवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले. हे दरवाजे किलकिले झाले आहेत खरे. पण शेतमजुरीवर, बांधकामावर, दुसऱ्याच्या घरी धुणीभांड्याला जाणाऱ्या बाईला त्यांतून अद्याप वाट मिळत नाही. तिच्यासाठी पाळणाघर, घरमालकिणीची समजूत आणि शेजारणीची मदत याच गोष्टी कायद्याच्या ठायी आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. काही थोड्या मातांना आजाराने, औषधांमुळे अथवा शरीराच्या काही कारणाने खरोखरीच पाजता येत नाही, अथवा पुरेसे दूध येत नाही. त्यांना दोष देणे हा क्रूरपणा होय. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बाळांसाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या बाळाला मिळते. सोबत म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण कोणते? आणि बाळाच्या लघवीचे प्रमाण घटले, ते मलूल झाले, अथवा आईला थंडी वाजून ताप आला, तर धीर देत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. छाती दुखून ताप आला तरी बहुधा पाजणे चालू ठेवावयाचे असते; तेही डॉक्टर सांगतील.

तेव्हा भिलाईतील त्या खोलीत आपण पुन्हा जाऊ. पाळीहून परत आलेला पती काय करू शकेल? तो पाजू शकत नाही, पण बाळाला ढेकर काढू शकतो, दुपटी धुऊ शकतो, रात्री उठून तिच्या हाती पाण्याचा तांब्या देऊ शकतो, आणि आलेल्या पाहुण्यांना चहा करून लवकर वाटेला लावू शकतो. सासूबाई आपल्या वेळच्या कष्टांचा हिशेब बाजूला ठेवून तिला दोन तास झोपू देऊ शकतात. शेजारची तेलुगू अथवा बंगाली बाई, जिचे मूल आता वर्षाचे आहे, तिच्याशी भाषेची अडचण असली तरी तान्हे कसे धरावे हे हातांनी दाखवू शकते. ज्या गावात सर्व प्रांतांच्या माणसांनी मिळून एवढी भट्टी पेटती ठेवली, तेथे प्रत्येक गल्लीत एका बाळंतिणीला एक मितानीन मिळणे मुळीच अशक्य नाही.

म्हणून श्रोतेहो, यापुढे कोणा बाळंतिणीला भेटावयास जाल तेव्हा बाळासाठी टोपडे न्या, अंगडे न्या, तिच्यासाठी गरम जेवणाचा डबा न्या. 'दूध पुरते का?' असे विचारू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, "पाजताना दुखते का गं? तू जेवलीस का? तू जरा पड, मी बाळाला घेते." एवढ्याने पान्हा फुटतो.